आजीचे आभार मानायला जपानी गाण्यांना एवढा उशीर का झाला?

जपानी शिकणाऱ्या मराठी माणसाला ऱ्हस्व-दीर्घाचा पहिला फटका नात्यांत बसतो. ‘ओजिसान’ म्हणजे काका, ‘ओजीसान’ म्हणजे आजोबा. ‘ओबासान’ ही काकू, पण त्यातला ‘बा’ लांबवला की झाली आजी. उच्चार जरा चुकला की समोरच्या बाईचं वय वीस वर्षांनी वाढतं. नात्यातल्या नसलेल्या म्हाताऱ्या माणसांनाही आजी-आजोबा म्हणायची पद्धत तिथं आपल्यासारखीच आहे, त्यामुळे जपानी गाण्यांत आजी-आजोबा पहिल्यापासून वावरतात. त्यांचे आभार मानायचं मात्र बराच काळ कुणाला सुचलं नाही.

1901 सालचं एक शाळकरी गाणं अजून मुलं म्हणतात. परसातल्या शेतात पोची कुत्रा भुंकतो, प्रामाणिक म्हातारा तिथं खणतो आणि सोन्याच्या मोहरा निघतात. 1941 च्या गाण्यात गावचा नावाडी येतो. वय साठ, तरी वल्हं मारतो जोमात. (युद्धानंतर या गाण्याची पुढची कडवी बदलली.) पण हे म्हातारे गोष्टीतले किंवा गावातले. गाणाऱ्याचे स्वतःचे आजोबा त्यांत कुठंच नाहीत.

कृतज्ञतेची गाणी होती ती आईसाठी. 1923 चं ‘काताताताकी’ म्हणजे खांदे चेपून देण्याचं गाणं. साइजो यासो यांचे शब्द, नाकायामा शिम्पेई यांची चाल. मूल आईच्या खांद्यांवर हलक्या मुठी मारतं आणि त्याचा ताल गाण्यात ‘तान्तोन् तान्तोन्’ असा वाजतो. युद्धानंतरच्या लोकप्रिय गाण्यांतही हळवी जागा आईनंच अडवली होती. मला वाटतं, याचं मूळ ‘ओयाकोको’ या शब्दात आहे. ओयाकोको म्हणजे आईवडिलांची सेवा. आजी-आजोबांसाठी तितका रुळलेला शब्दच नाही. एकत्र घरात त्यांचं करायचं ते आईवडिलांनी, आणि नातवंडांनी नुसतं लाडात वाढायचं.

आभाराचा दिवस गाण्यांच्या आधी आला, तोही एका खेड्यातून. ह्योगो प्रांतातल्या नोमादानी गावाचे सरपंच कादोवाकी मासाओ यांनी 1947 मध्ये 15 सप्टेंबर हा ‘म्हाताऱ्यांचा दिवस’ ठरवला आणि गावातल्या पंचावन्नच्या पुढच्या सगळ्यांना बोलावून घेतलं. पंचावन्न आज हास्यास्पद वाटेल, पण त्या वर्षी जपानी पुरुषाचं सरासरी आयुर्मान पन्नास होतं आणि बाईचं चोपन्नच्या आसपास. 1966 मध्ये हा दिवस ‘केइरो नो हि’ म्हणजे ‘ज्येष्ठांच्या आदराचा दिवस’ या नावानं राष्ट्रीय सुट्टी झाला. 2003 पासून तो सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी येतो. बालवाड्यांत त्या सुमारास आजी-आजोबांना बोलावतात, मुलं गाणी म्हणतात आणि हातानं रंगवलेली ‘खांदे चेपून देण्याची कुपनं’ भेट देतात. आईसाठी लिहिलेलं ‘तान्तोन् तान्तोन्’ त्या दिवशी आजीच्या वाट्याला येतं.

आजोबांचं सर्वांत गाजलेलं गाणं मुळात जपानी नाहीच. हेन्री क्ले वर्क या अमेरिकनानं 1876 मध्ये आजोबांच्या मोठ्या घड्याळावर गाणं लिहिलं. होतोमी कोगो यांनी ते जपानीत आणलं आणि 1962 मध्ये ते एनएचके वाहिनीच्या ‘मिन्ना नो उता’ कार्यक्रमात वाजलं. मूळ गाण्यात घड्याळ नव्वद वर्षं चालतं, जपानीत शंभर! आजोबा गेले की घड्याळही थांबतं. नातू थेट काहीच बोलत नाही, जे बोलायचं ते घड्याळाच्या आडून. हिराई केन यानं 2002 मध्ये ते पुन्हा गायलं तेव्हा ते विक्रीच्या यादीत पहिलं आलं.

त्याआधी उलट्या दिशेचं गाणं गाजून गेलं होतं. यामागाता प्रांतात चेरीच्या बागा असलेल्या ओइझुमी इत्सुरो या शेतकऱ्यानं नातवाच्या कौतुकाचं ‘मागो’ म्हणजे ‘नातवंड’ हे गाणं केलं. मोठ्या कंपनीकडून ते 1999 मध्ये आलं तेव्हा गडी साठीकडे झुकलेला. दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. आजोबा असे मोकळे झाले, पण नातवंडं अजून गप्पच होती.

त्यांचं गप्प बसणं 2010 मध्ये सुटलं, आणि सुटलं ते संडासावरून. उएमुरा काना हिचं ‘तोइरे नो कामिसामा’, म्हणजे ‘संडासातली देवी’, हे जवळजवळ दहा मिनिटांचं गाणं. तिसरीत असल्यापासून मुलगी आजीकडे राहते. आईवडिलांचं घर शेजारीच, तरी झोपायला आजीकडे. तिला संडास धुवायचा कंटाळा येतो, तेव्हा आजी सांगते, तिथं एक सुंदर देवी राहते, रोज स्वच्छ केलास तर तूही तशीच देखणी होशील. ही समजूत आजीनं मनानं रचलेली नाही. संडासाची देवता जपानी लोकधर्मात जुनी आहे. झेन मठांच्या शौचगृहांत उसुसामा म्योओ या क्रोधी देवाची स्थापना करतात, आणि हा उसुसामा म्हणजे आपल्याकडून बौद्ध तंत्रातून गेलेला ‘उच्छुष्म’.

पण गाणं लोकांना चटका लावून गेलं ते देवीमुळे नाही. आजीनं विनोदी कार्यक्रम रेकॉर्ड केला नाही म्हणून मुलगी रडून तिला बोल लावते. मग मोठी होते, खटके उडतात, घर सोडून तोक्योला जाते. दोन वर्षांनी आजी इस्पितळात असल्याचं कळून धावत येते, तर आजी थोडंसं बोलून ‘जा आता घरी’ म्हणते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेलेली असते. टीव्हीवरच्या वर्षअखेरच्या ‘कोहाकु’ या गाण्यांच्या कार्यक्रमात गायकांना तीन-चार मिनिटं मिळतात, तिथं या गाण्याला जवळजवळ आठ मिनिटं दिली गेली.

ते नेमकं तेव्हाच का पोचलं? 1980 मध्ये वृद्ध माणसं असलेल्या जपानी घरांपैकी साधारण निम्म्या घरांत तीन पिढ्या एकत्र राहत, 2010 पर्यंत ते प्रमाण सहाव्या हिश्श्यावर आलं होतं. ऐकणाऱ्यांतल्या कितीतरी जणांची आजी गावी एकटी होती, आणि फोन करायचा राहून गेलेला होता.

गाण्याचं निवेदन बहुतेक प्रमाण जपानीत आहे. आजी बोलते तेव्हाच तिची कान्साइकडची, म्हणजे ओसाकाच्या भागातली, बोली येते. अगदी शेवटी मात्र नात स्वतः ‘अरिगातो’च्या (आभाराच्या) आधी ‘होन्मा नि’, म्हणजे ‘खरंच’, असं आजीच्या बोलीत म्हणते. प्रमाण भाषेत तिथं ‘होन्तो नि’ आलं असतं.