गुटीचं डाळिंब, डोळ्याचं बोर

सोलापुरात नर्सरीत डाळिंब मागा नाहीतर बोर, उत्तर एकच: ‘कलमी आहे, बिनधास्त न्या.’ खोटं नसतं ते. पण एकाच झाडावर दोन-तीन जाती हव्या असतील, तर आणखी एक विचारून घ्या: गुटी की डोळा?

डाळिंबाची बहुधा गुटी असते. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची साल इंचभर गोल काढायची, तिथं ओलं शेवाळ लावून वर प्लास्टिक घट्ट बांधायचं. महिना-दीड महिन्यात मुळ्या दिसल्या की फांदी खालून कापून लावायची. म्हणजे ‘भगवा’ जातीचं डाळिंब असेल, तर मूळ भगव्याचं, शेंडाही भगव्याचाच. दोन झाडांचा सांधा नाहीच. बुडातून कितीही फुटवे येऊ देत, फळ तेच. ‘एका झाडावर भगवा आणि गणेश’ अशा दोन जाती कुणी दाखवल्या, तर आधी बुडाची माती उकरून बघा. एका खड्ड्यात दोन गुट्याही असू शकतात!

बोराचं गणित वेगळं. खाली रानबोर, वर त्याच्या सालीत बसवलेला हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब. रानबोराचं सोटमूळ खोल जातं, म्हणून आपल्या उन्हाळ्यात झाड तगतं. पिशवीत ते मूळ वळतं; त्यामुळे बी जागेवरच लावावं, असं माझं मत. रोप पुरेसं वाढलं की मार्च-एप्रिलमध्ये खोड छाटायचं, जोमदार तीन फुटवे राखायचे आणि जून-जुलैत एकावर उमराण, दुसऱ्यावर कडाका, तिसऱ्यावर छुहारा भरायचा. पट्टी बांधताना डोळा तेवढा उघडा ठेवायचा. जी जात दांडगाई करते, तिची फांदी दर छाटणीला जास्त मागे घ्यायची, नाहीतर बाकीच्या दोघींना ऊन मिळत नाही.

इथं मात्र सांध्याखालचा फुटवा शत्रू. माझ्या पहिल्या कलमाचा डोळा मे महिन्यात वाळला, खालून झाड जोरात फुटलं आणि मी दोन वर्षं खुशीत पाणी घालत राहिलो. आली ती सुपारीएवढी आंबट बोरं. पुढं त्याच झाडावर पुन्हा डोळे भरले, पण एक रानफांदी राखली. संक्रांतीनंतर गल्लीतल्या बोरन्हाणाला तिचीच बोरं नेतात. उमराण बाळाच्या डोक्यावर कोण टाकणार?