फिद्या

फिद्या : वार्धक्य किंवा बरा न होणारा आजार यांमुळे रमजानचे रोजे धरणे कायमचे अशक्य झाल्यास दर रोजामागे एका गरिबाला अन्न देण्याचे इस्लामी धर्मशास्त्रातील दायित्व. 'मोबदला देऊन सोडवणूक' हा या अरबी शब्दाचा मूळ अर्थ. युद्धकैदी सोडवण्याच्या रकमेसाठीही त्याच धातूतला शब्द येतो. चुकलेला रोजा पुढे भरून काढणे ही कजा आणि रोजा जाणूनबुजून मोडल्याचे जबर प्रायश्चित्त हा कफ्फारा. फिद्या या दोहोंहून वेगळा असला, तरी बोलताना तिन्हींची सरमिसळ सर्रास होते. हज यात्रेतही फिद्या आहे : काब बिन उज्रा यांच्या डोक्यातल्या उवा चेहऱ्यावर गळू लागल्या, तेव्हा पैगंबरांनी त्यांना मुंडणाची मुभा दिली आणि त्याबदली तीन रोजे, सहा गरिबांना अन्न किंवा कुर्बानी यांपैकी एक करण्यास सांगितले.

रमजानचे रोजे हिजरी सन २ मध्ये (इ. स. ६२४ च्या सुमारास) सक्तीचे झाले, असे परंपरा मानते. आजारी व प्रवासी यांनी राहिलेले दिवस पुढे भरून काढावेत, असे सांगून कुराणातील आयत (२:१८४) फिद्याकडे वळते आणि तो 'युतीकूनहू' अशा लोकांवर टाकते. सगळा वाद या एका क्रियापदाचा आहे. त्याचा सरळ अर्थ 'ज्यांना ते झेपते'. ज्याला झेपते त्यानेच मोबदला द्यायचा, हे वरकरणी उलटे दिसते. पैगंबरांचे सहकारी सलमा बिन अक्वा आणि इब्न उमर यांच्या मते सुरुवातीला धडधाकट माणसालाही रोजा किंवा फिद्या अशी निवड होती आणि पुढच्या आयतीने (२:१८५) ती रद्द केली. कुराणाचा जुना भाष्यकार तबरी याच बाजूचा. पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास मात्र आयत रद्द झालेली नाही, ती वृद्ध स्त्रीपुरुषांसाठी आहे, असे म्हणत. त्यांचा पाठही वेगळा सांगितला जातो : 'युतव्वकूनहू', म्हणजे 'तौक' (गळ्यातले कडे) घातल्याप्रमाणे ज्यांच्यावर ते ओझे होते. काही व्याकरणकारांनी क्रियापदाआधी 'ला' (न) अध्याहृत धरला. ही ओढाताण वाटते. आरंभीच्या पिढ्या 'नस्ख' (रद्द होणे) हा शब्द केवळ व्याप्ती आकुंचित होण्यालाही वापरत, हे लक्षात घेतले तर दोन्ही मतांतले अंतर बरेच कमी होते : निवड निरोग्यांपुरती संपली, वृद्धांपुरती उरली. पैगंबरांचे सेवक अनस बिन मालिक यांनी म्हातारपणी रोजे सोडून गरिबाला रोज रोटी व मांस खाऊ घातले, अशी नोंद बुखारी या हदीससंग्रहात (पैगंबरांच्या वचन-कृतींच्या संकलनात) आहे.

प्रमाणाबाबत सुन्नी धर्मशास्त्राच्या चार पंथांत (हनफी, शाफई, मालिकी, हंबली) मतभेद आहेत. हनफी मत अर्धा साअ (धान्याचे जुने माप) गहू (सुमारे पावणेदोन किलो) किंवा तेवढी किंमत असे आहे. शाफई एक मुद्द, म्हणजे साअचा चौथा हिस्सा, धान्य सांगतात आणि रोख रक्कम मान्य करत नाहीत. मालिकी वृद्धाचा फिद्या सक्तीचा मानत नाहीत. गर्भवती व अंगावर पाजणारी आई यांना हनफी फक्त कजा सांगतात. शाफई व हंबली मतानुसार भीती केवळ बाळापुरती असेल, तर कजेबरोबर फिद्याही.

आजार किती गंभीर यापेक्षा बरे होण्याची आशा आहे का, यावर फिद्या ठरतो. आशा असेल तर कजा, नसेल तर फिद्या. फिद्या दिल्यावर प्रकृती सुधारली, तर हनफी मतानुसार कजा पुन्हा मागे लागते. हा निवाडा जुने ग्रंथ कुशल व विश्वासू हकिमावर सोपवतात. आज त्याची कसोटी मुख्यतः मधुमेहात लागते. १३ देशांत २००१ मध्ये झालेल्या पाहणीत रमजानमध्ये रक्तशर्करा धोकादायक उतरण्याचे प्रमाण पहिल्या प्रकारच्या मधुमेहात ४.७ पट, दुसऱ्या प्रकारात ७.५ पट वाढलेले आढळले. तरीही दुसऱ्या प्रकारच्या सुमारे ७९ टक्के रुग्णांनी किमान १५ रोजे धरले होते. सवलत आहे म्हणून ती घेतली जातेच असे नाही. शर्करा प्रति डेसिलिटर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा लगेच सोडावा, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. तपासणीसाठी बोटाला सुई टोचल्याने रोजा तुटत नाही, हे बहुतेक उलेमांना मान्य आहे. दम्याच्या फवाऱ्याबाबत मात्र एकवाक्यता नाही.

चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो. त्यामुळे उन्हाळ्यातले लांब दिवस न झेपणाऱ्या, पण हिवाळ्यातले छोटे दिवस सोसू शकणाऱ्या रुग्णावर फिद्या लागू होत नाही. त्याने हिवाळ्यात कजा करावी, असे हनफी ग्रंथ सांगतात.