जस्ट अ मिनिट की जॅम? नियम सारखेच, पाहुणे मात्र वेगळे

माझी भाची यंदा एफवायला आहे आणि तिच्या मते जगातल्या झाडून सगळ्या भारी गोष्टी तिच्या कॉलेजच्या फेस्टमध्येच जन्माला आल्यात. परवा मी मुलुंडच्या घरी मटार सोलत बसलो होतो, बाजूला फोनवर बीबीसी रेडिओचं 'जस्ट अ मिनिट', म्हणजे मिनिटभर न अडखळता बोलायचा खेळ, चालू, जुनापुराणा एपिसोड, तर ही आली, सोललेले मूठभर दाणे तोंडात टाकले, मिनिटभर ऐकलं आणि म्हणाली, "मामा, हे तर जॅम आहे! आमचं ढापलंय यांनी." म्हटलं बाई गं, हा जो चिरक्या आवाजात भांडतोय ना तो केनेथ विल्यम्स नावाचा ब्रिटिश नट, तो १९८८ साली गेला, तेव्हा तुझी आई दुसरीत होती.

पण तिला एकटीला काय बोलायचं, हा गोंधळ मुंबईत बऱ्याच जणांचा असतो. ज्यांनी आधी कॉलेजच्या फेस्टमध्ये जॅम, म्हणजे हाच मिनिटभर बोलायचा खेळ, खेळलंय त्यांना रेडिओवरचा शो मिळमिळीत वाटतो, आणि ज्यांनी आधी रेडिओ ऐकलाय ते जॅम बघायला गेले की त्यांना वाटतं हे काय नळावरचं भांडण लावलंय. (बीएस्सीनंतर आयआयटीत एमएस्सी करायला जी एन्ट्रन्स देतात तीही जॅमच, तिचा इथे काही संबंध नाही, उगाच कोणी तयारीच्या नोट्स मागू नका.)

तर आधी कोण आलं ते सांगून टाकतो. इयन मेसिटर नावाचा एक माणूस, शाळेत असताना वर्गात तंद्री लागलेली, मास्तरांनी पकडलं आणि म्हणाले, मी आत्ता काय बोललो ते न अडखळता आणि एकही गोष्ट पुन्हा न बोलता सांग बघू. पोराच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. मोठेपणी बीबीसीत गेल्यावर त्याने १९५१ मध्ये 'वन मिनिट प्लीज' नावाने त्याचा खेळ केला आणि मग २२ डिसेंबर १९६७ ला 'जस्ट अ मिनिट' सुरू झालं, ते आजही चालू आहे. कॉलेजातलं जॅम हे त्याचंच इथे वाढलेलं पोर, जस्ट अ मिनिटची आद्याक्षरं घेऊन झालेलं जॅम, पण पोर इथे असं काही वाढलं की आता बापाचं तोंडही ओळखत नाही.

मूळ नियम दोन्हीकडे तोच. एक विषय मिळतो, त्यावर साठ सेकंद बोलायचं, अडखळायचं नाही, शब्द रिपीट करायचा नाही (विषयातले शब्द चालतात), विषय सोडून भरकटायचं नाही (यालाच डेव्हिएशन म्हणतात). बाकीचे टपून बसलेले असतात, चूक दिसली की अडवायचं, बरोबर अडवलं तर एक पॉइंट आणि विषय तुमच्याकडे, चुकीचं अडवलं तर पॉइंट बोलणाऱ्याला. साठाव्या सेकंदाला शिट्टी वाजते तेव्हा जो बोलत असेल त्यालाही एक. म्हणजे पंचावन्न सेकंद दुसऱ्याने घसा कोरडा करायचा आणि शेवटच्या पाचात तुम्ही घुसून पॉइंट खिशात घालायचा, हे अगदी कायदेशीर आहे आणि क्लेमंट फ्रॉईड नावाचे गृहस्थ (हो, त्याच सिग्मंड फ्रॉईडचे नातू) हे वर्षानुवर्षं निर्लज्जपणे करत आले.

आता खरा फरक, तो नियमात नाही, पाहुणा कशाला बोलावलाय त्याच्यात आहे.

आपल्याकडे एफएमवर पाहुणा आला म्हटलं की पिक्चर रिलीज व्हायला आठवडा उरलाय एवढंच समजायचं. दोन गाण्यांच्या मधे आरजे विचारणार शूटिंगला मजा आली का, पाहुणा म्हणणार खूप मजा आली, आम्ही सगळे एक फॅमिली आहोत. जस्ट अ मिनिटमध्ये पाहुण्याला त्याच्याबद्दल कोणी काही विचारतच नाही. चार जण बसलेले, बहुतेक कॉमेडियन, नट, लेखक असे, त्यांना विषय मिळणार 'माझे मोजे' किंवा असलंच काहीतरी, आणि त्यातून जे बाहेर पडेल तो कार्यक्रम. तो जिंकला की हरला हे ऐकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी आठवतही नाही, मला तर शो संपता संपताच आठवत नाही, शेवटी स्कोअर सांगतात तो कान देऊन ऐकणारा माणूस मी अजून बघितला नाही.

म्हणून तिथले नेहमीचे पाहुणे म्हणजे खेळाडू नाहीत, पात्रं आहेत. केनेथ विल्यम्स चिडायचा, स्वर ताणताणून बोलायचा, त्याला अडवलं की थयथयाट करायचा की मी एवढा ग्रेट पोर्टलंड स्ट्रीटवरून आलोय आणि ही वागणूक. ही ग्रेट पोर्टलंड स्ट्रीट बीबीसीच्या इमारतीला अगदी खेटून आहे हो, म्हणजे कूपरेजला राहणाऱ्याने आकाशवाणीत येऊन सांगावं की बाबांनो किती लांबून आलोय. फ्रॉईड याद्या सुरू करायचा, भाज्यांची म्हणा, गावांची म्हणा, धडाधड नावं, रिपीट होण्याचा प्रश्नच नाही आणि सेकंद मात्र सरकतायत. डेरेक निमो प्रवासातले किस्से लावायचा, पीटर जोन्स शांतपणे एखादंच वाक्य टाकून सगळ्यांची हवा काढायचा. विल्यम्स गेल्यावर १९८९ मध्ये पॉल मर्टन आला, तो विषय धरून असा काही कल्पनेत शिरतो की समोरच्याला अडवायचं भानच राहत नाही. ऐकणारे यांच्यासाठी लावतात, पॉइंटसाठी नाही.

आणि या सगळ्यांना सांभाळणारा अध्यक्ष निकोलस पार्सन्स. १९६७ च्या पहिल्या भागापासून २०१८ पर्यंत या माणसाची एक सुट्टी नाही, पन्नास वर्षं! २०२० च्या जानेवारीत तो गेला आणि पुढच्या वर्षापासून ती खुर्ची सू पर्किन्सकडे आली. पार्सन्सचं काम दिसायला पंचाचं, पण खरं काम यजमानाचं. नवीन पाहुणा पहिल्यांदा आला की त्याला सांभाळून घ्यायचा, संशयाचा फायदा द्यायचा, वर स्वतःची चेष्टा करून घ्यायची. चॅलेंज नियमात चुकीचं पण लोक हसले, तर अडवणाऱ्याला बोनस पॉइंट, आणि ज्याला विनाकारण अडवलं त्यालाही पॉइंट. असा हिशोब आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने केला तर ऑडिटरला घाम फुटेल, पण कॉमेडी शोला हाच हिशोब बरोबर आहे.

आता जॅम. पवईला आयआयटीच्या मूड इंडिगो फेस्टमध्ये वगैरे जॅम बघितलं असेल तर माहीत असेल, तिथे अध्यक्ष नसतो, जॅम मास्टर असतो, आणि जॅम मास्टर म्हणजे त्या तासापुरता देव. त्याने सूर्य आज बोरिवलीत मावळला म्हटलं तर मावळला. कॉलेजागणिक नियम बदलतात, पण साधारण असं की मूळ तीन चुकांच्या वर अजून डझनभर चुका काढून ठेवलेल्या असतात, ग्रामर चुकलं, उच्चार चुकला, बोलण्याचा स्पीड बदलला, हात जास्त हलवले, फालतू ऑब्जेक्शन घेतलं तर मायनस, आणि कोणी ऑब्जेक्शन घेतलं तर त्याच्या ऑब्जेक्शनमधल्या इंग्लिशवरही तिसरा ऑब्जेक्शन घेऊ शकतो. त्यामुळे साठ सेकंदांचा विषय वीस मिनिटं चालतो आणि त्यात प्रत्यक्ष विषयावर बोलणं फार तर चार वाक्यं, उरलेली सगळी वकिली.

माझंच सांगतो. कॉलेजात असताना मित्रांनी ढकललं म्हणून एका जॅमला उभा राहिलो, मराठी मीडियमचा, घाबरलेला, विषय काय होता तो आता आठवत नाही पण मी सुरुवात केली की माझा एक कझिन ब्रदर... संपलं. चौघं एकदम ओरडले "जॅम!" मला कळेना, अडखळलो नाही, रिपीट केलं नाही, मग काय? तर म्हणे इंग्लिशमध्ये कझिन ब्रदर असं काही नसतं, कझिन म्हणजे कझिन. अरे पण चुलतभाऊ हा भाऊ नाही का? हे मी बोललोसुद्धा, तर मी उलट उत्तर दिलं म्हणून जॅम मास्टरने अर्धा पॉइंट कापला. हॉल हसला पण माझ्यावर. तो सुरुवातीचा अर्धा पॉइंट मायनस घेऊन मी शेवटपर्यंत गप्प बसलो, त्या दिवशी मी सगळ्यात सुरक्षित खेळाडू होतो.

हेच पार्सन्ससमोर झालं असतं तर? मला वाटतं कोणीतरी अडवलं असतं, मी चुलतभावाची वकिली केली असती, लोक हसले असते, त्याने दोघांनाही पॉइंट देऊन विषय माझ्याकडेच ठेवला असता. जॅमला हसू येतं ते कोणीतरी पकडला गेला म्हणून, आणि रेडिओवर पकडला गेलेला माणूस पुढे काय करतो यावर हसू येतं, ही एवढीशीच गोष्ट आहे पण त्यामुळे दोन्ही खेळांचा पोत पार बदलतो. जॅममधल्या पोरांची जीभ जास्त तयार असते हे मात्र मान्य करायला हवं, त्यातले काही जण रेडिओवरच्या नवख्या पाहुण्याला दहा सेकंदात गप्प करतील. फक्त ते अर्धा तास ऐकवेल की नाही याची गॅरंटी नाही.

गंमत म्हणजे ही दोन्ही जगं आपल्या मुंबईत एकदा समोरासमोर आली होती आणि फार लोकांना पत्ताच नाही. २०१२ मध्ये जस्ट अ मिनिटवाले लवाजम्यासकट इथे आले, लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात तेव्हा कॉमेडी स्टोअर नावाचा कॉमेडी क्लब होता, तिथे दोन भाग रेकॉर्ड केले. पार्सन्स तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचा! सोबत पॉल मर्टन आणि मार्कस ब्रिगस्टॉक, आणि आपले पाहुणे सायरस ब्रोचा आणि अनुवब पाल. आता विचार करा, लंडनमधले प्रेक्षक हा खेळ रेडिओवर ऐकत मोठे झाले, इथल्या प्रेक्षकांतले कित्येक जण कॉलेजात तो खेळलेले असणार. म्हणजे क्रिकेटसारखंच झालं, खेळ त्यांचा, पण गल्लीगल्लीत पंच आपले. आणि तरी आपल्या दोघांना बोलावलं ते जॅमची बक्षिसं बघून नाही, स्टेजवर आणि टीव्हीवर लोकांना हसवणारे म्हणून, हे लक्षात घ्या.

हे सगळं भाचीला सांगितलं तर ती म्हणाली थिअरी नको, खेळून दाखव. तिचं चुकलं नाही म्हणा. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, तेव्हा रात्री जागायचं निमित्त हवंच असतं, तर मागच्या गणपतीत नाहीतरी आम्ही एकदा हा खेळ मराठीत करून बघितला होता, तेच परत काढलं. पहिला झटका असा की मराठीत प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'आहे' येतं, दुसऱ्याच वाक्याला माणूस आऊट. तिकडेही बारीकसारीक शब्द सोडून देतात, म्हणून आम्ही 'आहे' माफ केलं. काकांना विषय दिला 'लोकलमधली चौथी सीट', ते म्हणाले, "चौथ्या सीटवर बसणारा माणूस हळूहळू आत सरकतो," आणि भाची किंचाळली, "हळू रिपीट!" काका बिचारे बघत राहिले. मराठी माणसाने गरमगरम, हळूहळू, बारीकबारीक असलं काही न बोलता मिनिटभर बोलायचं म्हणजे मीठ न घालता आमटी करायची.

मग आत्याची पाळी, विषय 'पाहुणे'. आत्याचा यात हातखंडा, सुरूच झाली, "पाहुणे आले की आधी पाणी, मग चहाबिहा, मग..."

"मग रिपीट!" भाची.

"बारीक शब्द, माफ," मी. खुर्ची माझ्याकडे होती.

"ठीक, मग डेव्हिएशन. बिहा असा शब्दच मराठीत नाही, आत्याआजीने भाषा सोडली."

आता हे चॅलेंज काही अगदीच वाईट नव्हतं, तिकडेही इंग्लिश सोडलं म्हणून अडवतात. मी विचार करतोय तोवर आत्याने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सकाळी तूच विचारलंस ना मला, आजी जेवणबिवण झालं का? तेव्हा चाललं होतं तुझं बिवण?"

घर हसलं. मी आत्याला एक पॉइंट दिला आणि चॅलेंज डोकेबाज होतं म्हणून भाचीलाही एक. तर भाची उसळलीच, म्हणे उलट उत्तराला पॉइंट कसला, जॅममध्ये आत्याआजीचा अर्धा कापला असता. म्हटलं अगदी बरोबर, माझा कापला होता. तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली आणि आत्या म्हणाली शिट्टीच्या वेळी मीच बोलत होते, अजून एक लिही.