ट्रॉलीचा हायड्रॉलिक पाईप ब्रेकला लावला तर चालतो का?

घरी गाडी बनवणाऱ्या पोरांचा हा प्रश्न ठरलेला, की भाऊ ब्रेकचा होज, म्हणजे चाकाजवळचा लवचिक रबरी पाईप, पाहिजे त्या लांबीचा मिळत नाही, मग ट्रॅक्टरच्या पाईपवाल्याकडून फिटिंग प्रेस करून आणू का? जळगाव-भुसावळकडे ट्रॉलीचे, जेसीबीचे पाईप तिथल्या तिथं प्रेस करून देतात, त्यामुळे मोह होणारच, आणि दिसायलाही दोघं सारखेच, काळं रबर आणि टोकाला लोखंडी फिटिंग.

नाही चालत. आणि कारण प्रेशर नाहीये, इथंच सगळे फसतात. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला साधारण १५० ते २०० बार (दाबाचं माप) प्रेशर असतं, ब्रेक जोरात दाबला तरी ७० ते १०० च्या आसपास, म्हणून दुकानदार छातीठोकपणे सांगतो की दादा फुटला तर पैसे परत. त्याचं खरंय, फुटणार नाही.

भानगड आतल्या रबराची आहे. हायड्रॉलिक पाईपच्या आत बहुतेक वेळा नायट्राइल रबर असतं, ते खनिज तेलासाठी बनवलेलं. ब्रेकमध्ये भरतो ते डॉट ३ किंवा डॉट ४ म्हणजे तेल नाहीच, ते ग्लायकॉलवालं फ्लुइड, त्यात नायट्राइल फुगतं आणि मऊ पडतं, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा तर हे काम अजून लवकर होतं. ब्रेक होजच्या आत ईपीडीएम नावाचं दुसरं रबर असतं, त्याला ग्लायकॉल चालतं पण खनिज तेल अजिबात नाही. म्हणजे उलटं केलं तरी वाट लागते, ब्रेकच्या डबीत हायड्रॉलिक ऑइल ओतलं की मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबल्यावर प्रेशर तयार करणारा भाग) रबरी वॉशरसुद्धा फुगून बसतात. डिझेलनं पार्ट धुवायची सवय आहे ना गॅरेजवाल्यांना, ती ब्रेकच्या रबराजवळ नको, नवीन ब्रेक फ्लुइडनंच धुवा.

आतून फुगलेला होज बाहेरून ठणठणीत दिसतो. पाय दाबला की प्रेशर जातं पण सोडल्यावर लवकर परत येत नाही, चाक धरून राहतं आणि ड्रम किंवा डिस्क तापते, आणि माणूस कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बदलत बसतो.

दुसरं, पाव इंची हायड्रॉलिक पाईप साधारण १०० मिलिमीटरपेक्षा कमी रेडियसमध्ये वाकवायचा नसतो, चाकाच्या आत एवढी जागा कुठून आणणार? ब्रेक होजची आतली नळी जेमतेम ३ मिलिमीटरची, म्हणून तो चाकाबरोबर निमूट हलतो. आटेही जुळत नाहीत, मारुतीसारख्या गाड्यांना एम१० बाय १ म्हणजे मिलिमीटरचे आटे आणि पाईपवाल्याकडं सहसा बीएसपी म्हणजे इंची पाईपचे, मग अडॅप्टरवर अडॅप्टर, म्हणजे गळायला तेवढ्या जागा जास्त.

स्टीलच्या जाळीचा ब्रेक होज मिळतो तो वेगळा, त्याच्या आत टेफ्लॉन असतं, त्याला काही अडचण नाही. फक्त ती जाळी घासत राहिली तर कानसासारखी पत्रा खाते, वरून स्लीव्ह घालाच.

बरं, होज बरोबर आणला तरी लावायची पद्धत आहे. चेसिसच्या बाजूला ब्रॅकेट आणि क्लिप हवीच, नाहीतर सगळा ताण कडक पाईपच्या टोकावर येतो आणि तो तिथंच तडकतो. स्प्रिंग काढून नुसत्या शॉकअपवर चाक पूर्ण खाली सोडा, मग जॅकनं पूर्ण वर न्या, आणि दोन्ही वेळा स्टेअरिंग डावीकडं उजवीकडं शेवटपर्यंत फिरवून बघा की होज ताणतोय का, टायरला लागतोय का. सगळ्यात लांब लागतो तो बहुतेक वेळा चाक खाली आणि स्टेअरिंग एका टोकाला असताना, त्यावर माप घ्या, जमिनीवर सरळ उभ्या गाडीवर नको. होजवर लांबीनं रेघ छापलेली असते ती पिळलेली दिसली तर खोलून परत बसवा, आणि बँजो बोल्ट (होजचं टोक कॅलिपरला धरणारा पोकळ बोल्ट) खोलला की तांब्याचे दोन्ही वॉशर नवे टाका.