पायी शिकार करणारे उडते सरीसृप

टेरोसॉरचं चित्र काढायचं म्हटलं की दृश्य ठरलेलं असतं: खाली खवळलेला समुद्र, वर अवाढव्य पंख आणि चोचीत तडफडणारा मासा. काही जातींपुरतं ते बरोबरही आहे. रॅम्फोरिंकसच्या जीवाश्मांत पोटात मासे सापडले आहेत, एकाच्या तर घशात. पण या कुळातली सगळ्यांत मोठी जनावरं शिकारीला बहुधा पायीच निघत.

टेरोसॉर म्हणजे डायनोसॉर नव्हेत. त्यांचे चुलत भाऊबंद. कणा असलेल्या प्राण्यांपैकी पंख मारत उडणं सर्वांत आधी साधलं ते यांना, सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वी. पंखाचा पडदा हाताच्या चौथ्या, कमालीच्या लांब बोटापासून मागच्या पायापर्यंत ताणलेला असे. उरलेली तीन बोटं आखूड आणि मोकळी. पंख मिटले की याच बोटांवर भार देऊन ते चारी पायांवर चालत. त्यांच्या पावलांचे ठसे तेच सांगतात.

आहार मात्र जातीगणिक वेगळा. अर्जेंटिनातल्या टेरोडॉस्ट्रोच्या खालच्या जबड्यात केसांसारखे शेकडो बारीक दात होते. त्यांतून पाणी गाळून तो सूक्ष्म जीव खाई. रुंद तोंडाचे, मोठ्या डोळ्यांचे छोटे अ‍ॅन्युरोग्नॅथिड किडे टिपत असावेत.

१९७१ साली टेक्सासमध्ये डग्लस लॉसन या विद्यार्थ्याला एका पंखाची हाडं मिळाली. तो निघाला क्वेट्झलकोएटलस. पंखांचा विस्तार १० ते ११ मीटर, उभा राहिला तर जिराफाएवढा, चोचीत एकही दात नाही. एवढं धूड खात काय असेल? पाण्याच्या पृष्ठभागातून चोच ओढत मासे पकडत असेल, अशी एक कल्पना बरीच वर्षं चालली. मला ती कधीच पटण्यासारखी वाटली नाही, कारण हाडं सापडली ती समुद्रापासून खूप आतल्या भागात. २००७ साली चोचींच्या प्रतिकृती पाण्यातून ओढून पाहिल्या, तेव्हा पाण्याचा विरोध मोठ्या टेरोसॉरला झेपण्यापलीकडचा निघाला.

पुढच्याच वर्षी मार्क विटन आणि डॅरेन नेश यांनी सांगाड्याकडे नव्याने पाहिलं. मान लांब पण ताठ, म्हणजे बगळ्यासारखी वळवून झेप मारणं अवघड. हातपाय लांब, पावलं मात्र लहान आणि आटोपशीर. चिखलात रुतण्यापेक्षा कडक जमिनीवर चालायला सोयीची. त्यांचा निष्कर्ष असा की हा प्राणी करकोच्यासारखा माळावरून चालत जाई आणि वाटेत येणारं लहानसहान जनावर, अगदी डायनोसॉरचं पिल्लूसुद्धा, चोचीनं उचलून गिळे.

मग एवढं वजन, म्हणजे काही अंदाजांनुसार २०० किलोहून जास्त, हवेत उठे कसं? इथे पुन्हा हातच कामाला येतात. मायकेल हबीब यांनी हाडांची ताकद मोजली, तर हाताची हाडं पायांच्या मानाने कितीतरी भक्कम निघाली. पक्षी पायांनी उसळी घेतात. टेरोसॉर आधी मागच्या पायांनी आणि लगेच हातांनी जमीन रेटून उडत असावेत. चालायचे हात तेच उडायचे, त्यामुळे पायांचं ओझं वाढवायची गरजच नव्हती.

याच गोतावळ्यातला रोमानियाचा हॅटझेगॉप्टेरिक्स तर आणखी दांडगा. मान आखूड, जाड आणि दणकट. आज जिथे ट्रान्सिल्व्हानिया आहे तिथे तेव्हा बेट होतं, आणि त्या बेटावर मोठ्या मांसाहारी डायनोसॉरचे अवशेष मिळालेले नाहीत. तिथे मोठी शिकार करण्याचं काम बहुधा यानेच उचललं होतं.