एसएसएच (सिक्युअर शेल)

एसएसएच म्हणजे दूरच्या संगणकाशी नेटवर्कवरून सुरक्षित जोडणी करून त्यावर कमांड चालवण्याची पद्धत; ती जोडणी करणाऱ्या कमांडचे नावही तेच. क्लाउडवरच्या लिनक्स सर्व्हरवर काम करण्याचा हा रोजचा मार्ग आहे.

१९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठातील नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेले. दूरच्या संगणकावर लॉगिन करण्याचे तेव्हाचे साधन टेलनेट पासवर्ड जसाच्या तसा पाठवत असे. वाटेत कान देऊन बसलेल्याला तो सहज वाचता येई. तेथील संशोधक टाटू युलोनेन यांनी त्याच वर्षी एसएसएच लिहून सर्वांना मोफत दिले. फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा पोर्ट (सेवेचा ठरलेला क्रमांक) २१, टेलनेटचा २३. मधला २२ मोकळा होता, तो त्यांनी रीतसर मागून घेतला. पुढे या सॉफ्टवेअरच्या परवान्यावर बंधने वाढत गेली. म्हणून ओपनबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टमच्या मंडळींनी १९९९ मध्ये जुन्या मुक्त आवृत्तीच्या आधारे ओपनएसएसएच तयार केले. आज लिनक्स आणि मॅकवर तेच असते, २०१८ पासून विंडोज १० मध्येही.

क्लाउडवर पासवर्डऐवजी बहुधा किल्ल्यांची (एकमेकींशी जुळणाऱ्या दोन डिजिटल फाइलींची) जोडी वापरतात. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवरच्या ‘ऑथराइज्ड कीज’ फाइलमध्ये असते, खासगी आपल्या लॅपटॉपवर. लॉगिन करताना खासगी किल्लीने फक्त सही होते. ती स्वतः तारेवरून जातच नाही. खासगी किल्लीची फाइल इतरांना वाचता येत असेल, तर एसएसएच ती वापरायला साफ नकार देते. नवशिके इथेच अडतात. ‘सीएचमॉड ४००’ या कमांडने ती फक्त आपल्यालाच वाचता येईल अशी केली की काम होते. युजरचे नावही इमेजप्रमाणे (सर्व्हर ज्या तयार साच्यातून उभा होतो त्याप्रमाणे) बदलते: उबंटूवर ‘उबंटू’, अमेझॉन लिनक्सवर ‘ईसी२-यूजर’.

फाइली पाठवणे, कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटवर कोड ढकलणे, बाहेरून बंद असलेल्या डेटाबेसपर्यंत बोगदा काढणे हेही याच जोडणीतून होते.

पण सर्वांत दुर्लक्षित राहते ती पहिली जोडणी. सर्व्हरच्या स्वतःच्या किल्लीचा ठसा (तिची छोटी ओळख) दाखवून एसएसएच विचारते, पुढे जायचे का? बहुतेक जण न वाचताच ‘येस’ टाइप करतात. ती किल्ली आपल्या लॅपटॉपवरच्या ‘नोन होस्ट्स’ फाइलमध्ये नोंदली जाते. पुढे किल्ली बदललेली दिसली, तर मोठ्या अक्षरांत इशारा येतो आणि जोडणी थांबते. क्लाउडवर जुन्याच आयपी पत्त्यावर नवा सर्व्हर उभा केला तरी असे होते, त्यामुळे त्या फाइलमधली जुनी ओळ खोडून पुढे जायची सवय लागते. मधे कोणी घुसले असेल, तर तेही याच इशाऱ्यातून कळणार असते. म्हणून ओळ खोडण्याआधी क्लाउडच्या कन्सोल लॉगमध्ये (सर्व्हर सुरू होतानाच्या नोंदींमध्ये) सर्व्हरचा ठसा पाहून जुळवावा. अनेक इमेज पहिल्यांदा सुरू होताना तो तिथे छापतात.