कार्नार्व्हन गॉर्जचा मुक्काम: तोंडाशी की बिग बेंडला?

ब्रिस्बेनकडची मराठी मंडळी जून-जुलैच्या सुट्टीत क्वीन्सलँडमधल्या कार्नार्व्हन गॉर्ज या घळीचा बेत आखतात, तेव्हा “कॅम्पिंगचं बुकिंग झालं” एवढंच कानावर येतं. कुठलं, हे मुद्दाम विचारावं लागतं. घळ एक, ओढा एक, पायवाट एक; पण नॅशनल पार्कचे कॅम्प दोन आहेत. एक घळीच्या तोंडाशी, व्हिजिटर एरियात. दुसरा बिग बेंड, तिथून ९.७ किलोमीटर आत. दोन्हींचा परवाना क्वीन्सलँड पार्क्सकडूनच घ्यायचा असतो, त्यामुळे बिग बेंड म्हणजे त्याच मैदानाचा जरा लांबचा कोपरा, असं वाटणं साहजिक आहे.

तोंडाशी गाडी थेट जाते आणि तिथेच उभी राहते. टॉर्च विसरलात, लहानग्याचा स्वेटर विसरलात, तर डिकी उघडली की झालं. हा कॅम्प मात्र वर्षभर चालत नाही. क्वीन्सलँडच्या शाळांना ईस्टर, हिवाळा आणि वसंताच्या सुट्ट्या असतात तेव्हाच उघडतो. एरवी पार्कच्या हद्दीबाहेरच्या खासगी कॅम्पग्राउंडवर उतरायचं. कुटुंब, आजी-आजोबा, पहिल्यांदाच तंबूत झोपणारी मुलं यांच्यासाठी हेच बरं.

बिग बेंडला पायीच जावं लागतं. तंबू, स्लीपिंग बॅग, शिधा सगळं पाठीवर. तिथे संडास आहे, बाकी सोयी नाहीत, आणि केलेला कचरा परत आणायचा. वाट फारशी चढाची नाही, पण ओढा वीसेक वेळा ओलांडावा लागतो, बहुतेक ठिकाणी मांडलेल्या दगडांवरून. रिकाम्या हाताने गंमत वाटते. पंधरा किलोची सॅक असली की प्रत्येक दगडावर तोल सांभाळावा लागतो. पुढेमागे टेकायला काठी घ्याच.

सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांची पहिली गल्लत पाण्याची होते. आपला कातळ बेसॉल्टचा. पावसाळा सरला की ओढे आटत जातात आणि गडावर भरवसा उरतो तो खोदलेल्या टाक्यांचा. म्हणून सवयीने माणशी पाच-पाच लिटर पाणी लादून निघणारे असतात. कार्नार्व्हनचे पांढुरके कडे वालुकाश्माचे, ज्युरासिक काळातले. वालुकाश्म पाणी पितो. मुरलेलं पाणी खाली शेल या पाणी न झिरपणाऱ्या खडकाच्या थरापाशी अडतं आणि आडवं वाट काढत भिंतीतून पाझरतं. मॉस गार्डनच्या कड्याशी उभं राहिलं की हे डोळ्यांदेखत दिसतं: डोक्यावर कोरडा दगड, कमरेच्या उंचीला शेवाळ, आणि शेवाळाच्या टोकाटोकाला थेंब. असे झरे पोसत असल्यामुळेच पावसाविना महिने गेले तरी ओढा वाहता राहतो. तेव्हा वाटेपुरतं पाणी घ्या. बिग बेंडला ओढ्याचंच भरायचं आणि उकळून किंवा शुद्ध करूनच प्यायचं.

उकळायचं म्हणजे गॅसच्या स्टोव्हवर. तीन दगड मांडून चूल पेटवणं इथे चालत नाही, कॅम्प कुठलाही असो. खिचडी गॅसवर होतेच. शेकोटीचा नाद मात्र सोडावा लागतो, आणि हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरू शकतो, त्यामुळे स्लीपिंग बॅग त्या बेताची हवी.

दुसरी गल्लत गुहेची. लेणं दिसलं की पथारी पसरायची, ही आपली जुनी सवय. कॅथीड्रल केव्ह नावाची प्रचंड कपार बिग बेंडच्या थोडी अलीकडे लागते आणि बघताक्षणी मुक्कामाची जागा वाटते. तिथे झोपायचं नाही. या भिंतींवर इथल्या आदिवासींनी गेरूने उमटवलेले हात आहेत, कोरलेली चिन्हं आहेत. बिदजारा आणि करिंगबाल लोकांसाठी ही घळ आजही आपली, पवित्र जागा आहे. वाटेत त्याआधी लागणाऱ्या ‘आर्ट गॅलरी’ नावाच्या कड्यापाशी तर ६२ मीटर लांबीच्या एका भिंतीवर २,००० हून जास्त कोरीव खुणा आहेत. वालुकाश्म ठिसूळ असतो, नुसत्या हात लावण्यानेही झिजतो. लाकडी फळ्यांच्या वाटेवरूनच बघा.

दोन कॅम्पांतला खरा फरक पाऊस आला की कळतो. वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला की ओढा झपाट्याने चढतो आणि ते मांडलेले दगड दिसेनासे होतात. तोंडाशी असाल तर ट्रिप फुकट गेली म्हणून चरफडाल, एवढंच. बिग बेंडला असाल तर तुमच्या आणि गाडीच्या मधे ओढा वीसेक वेळा ओलांडायचा आहे, आणि पाणी ओसरेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नाही. म्हणून एक दिवसाचा जादा शिधा हा तिथला ऐच्छिक मामला नाही. मोबाईलला रेंज नसते, तेव्हा ‘पोचलो की बुक करू’ हेही जमत नाही. परवाना घरूनच काढायचा, आणि परतीचा दिवस कुणाला तरी सांगून ठेवायचा. सोबत पीएलबी, म्हणजे उपग्रहामार्फत हाक देणारं छोटं यंत्र असावं. ऑस्ट्रेलियात त्याची नोंदणी फुकट होते.

माझ्या मते सुट्टीत गेलात तर यातून एकच निवडायची गरज नाही. सातशेवर किलोमीटर गाडी हाकून आल्यावर पहिली रात्र तोंडाशीच काढावी. दुसऱ्या दिवशी सकाळी निघून सॅकसकट सरळ बिग बेंड गाठावं. वाटेतल्या फाट्यांकडे वळू नये. तंबू लागला की हलक्या अंगाने बूविंडा गॉर्ज ही बाजूची अरुंद घळ बघायला मागे यावं, अर्थात आभाळ स्वच्छ असेल तरच. एका दिवसात येऊन-जाऊन करणारे तोवर बहुतेक परतीला लागलेले असतात. आर्ट गॅलरी, वॉर्ड्स कॅन्यनमधले प्रचंड नेचे, शिडीने चढून आत जायचं ॲम्फिथिएटर आणि मॉस गार्डन, हे सगळं याच क्रमाने परतीच्या वाटेवर लागतं. ओझंही तोवर खाल्ल्याने कमी झालेलं असतं.

बिग बेंडला शेजारच्या तंबूतली माणसं सहा-सात दिवसांचा शिधा घेऊन बसलेली दिसली, तर ती ८७ किलोमीटरच्या ग्रेट वॉकची. त्यांचा तो पहिला मुक्काम असतो. तो मार्ग नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर उन्हाळ्यामुळे बंद असतो, आणि पुढच्या प्रत्येक मुक्कामाचा परवाना वेगळा काढावा लागतो. ‘इतके आत आलोच आहोत, तर अजून एक मुक्काम पुढे जाऊ’ हा बेत तिथे बसून आखू नका.